हरकत

नगरसेवक चष्मा दुरुस्त करून घ्यायला आले ते हसतच आले. नाकावर टेकणाऱ्या दोन गाद्यांपैकी एक कुठेतरी गळून पडली होती. त्यामुळे चष्मा एका अंगाला कलला होता आणि त्यांचा सगळा चेहराच काहीतरी विचारत असल्यासारखा दिसत होता. चष्मेवाल्यानं त्यांना स्टुलावर बसवलं, चष्मा हातात घेतला आणि आधी पुसला. पुसल्याशिवाय तो कुणाच्याच चष्म्याला हत्यार लावत नसे.

"तुमच्या कानावर आलं असेलच," नगरसेवक म्हणाले. चष्मा काढल्यावर त्यांचे डोळे अगदी लहान आणि निरागस दिसत. "बाईंच्या उमेदवारीवर हरकत घेतलीय आम्ही. उद्या सुनावणी आहे. मनाला लावून घेऊ नका. राजकारणाचा भाग आहे, मनात काही नाही. माझ्या पोरीला भूमिती कुणी शिकवली? बाईंनीच. मी ते विसरलेलो नाही."

"कसली हरकत?"

"तेच हो. मनानं विकल असलेल्या माणसाला उभं राहता येत नाही, असं कायद्यात आहे. दोनदा इस्पितळात होत्या ना त्या? आणि बाहेरच्यांचं सोडा, तुम्हालाच धास्ती आहे म्हणे. 'तिला हे झेपेल का' असं तुम्हीच म्हणालात ना?"

बारीक पेचकस त्याच्या चिमटीत होता. पकड सुटली नाही. त्यानं नवी गादी बसवली, पेच आवळला, चष्मा नगरसेवकांच्या नाकावर चढवला, दोन्ही कानांमागून बोट फिरवून तो सरळ बसलाय ना ते पाहिलं. "आता कसं बरं वाटतंय," नगरसेवक म्हणाले, आरशात एकदा बघून घेतलं आणि निघाले. ते दिसेनासे झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण त्यांना पोचवायला पायरीपर्यंत आलो आहोत.

वाक्य त्याचंच होतं. रविवारी दादाकडे जेवताना, पाण्याचा पेला उचलता उचलता, कुणाकडे न बघता तो ते बोलला होता. दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. पालिकेला रस्त्याकडेच्या फरशा पुरवायचा. वहिनींनी सहज विचारलं होतं, "काय, धामधूम सुरू झाली का निवडणुकीची?" आणि तो म्हणाला होता, "सुरू झालीय, पण तिला हे झेपेल का कोण जाणे." त्या वेळी ती, म्हणजे त्याची बायको, शेजारच्या खोलीत पुतणीला वर्तुळाची स्पर्शिका समजावून देत होती. तिचा आवाज येत होता, नेहमीच्या वेगाचा, नेहमीच्या उंचीचा. म्हणजे बोलताना तो तिचा आवाजही मापून घेत होताच. घरातल्या घरात बोललेलं ते वाक्य आता गाव हिंडून, कोट घालून, दुकानात आलं होतं. धुवायला टाकलेला आपला सदरा परक्याच्या अंगावर दिसावा तसं त्याला झालं. चिडावं तर कुणावर? दादावर? दादानं ते पोचवलं असणार यात शंका नव्हती. पण दादानं त्यात स्वतःच्या पदरचं काही घातलं नव्हतं. सदरा चष्मेवाल्याचाच होता.

झेपेल का. गेली कित्येक वर्षं तो हे विचारत आला होता. तिनं घरी शिकवण्या घ्यायचं ठरवलं तेव्हा विचारलं होतं, मामेबहिणीच्या लग्नाला एकटीनं जायचं म्हणाली तेव्हा विचारलं होतं, भिंतीला रंग स्वतःच देते म्हणाली तेव्हासुद्धा. दर वेळी तिला झेपलं होतं. पण झेपलं म्हणून त्याचं विचारणं थांबलं नव्हतं, कारण झेपलं नाही ते दिवसही त्यानं पाहिले होते, आणि डोळ्यांचं असं असतं की एकदा पाहिलेलं त्यांना परत करता येत नाही. ती शाळेत शिकवत होती तेव्हाची गोष्ट. एका दुपारी ती भूमितीच्या तासाला वर्गात गेली आणि तास संपल्याची घंटा झाली तरी थांबली नाही. फळा भरला तशी भिंतीवर लिहू लागली. पोरं आधी हसली, मग गप्प झाली, मग शाळा सुटून बाहेर पालक गोळा झाले तरी उठायची हिंमत त्यांना होईना. तो पोचला तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत खडूनं पांढरे झाले होते आणि ती त्याला बघून आनंदानं म्हणाली होती, "बरं झालं आलास, आता थोडंच राहिलंय." त्या 'थोडंच'मध्ये पुढचा सगळा आठवडा गेला. न झोपणं, न जेवणं, एकातून दुसरं आणि दुसऱ्यातून तिसरं बोलणं. शेवटी दादानं गाडी आणली. तिनं जिन्याचा कठडा घट्ट धरून ठेवला होता. कठड्यावरची तिची बोटं एकेक करून सोडवली ती त्यानं. बाकी सगळं धूसर झालं, पण ती बोटं त्याच्या हातात राहिली. कधीकधी एखाद्या गिऱ्हाईकाच्या चष्म्याची काडी वाकवताना त्याला तोच विरोध जाणवे, बारीक, हाडाचा, आणि तो हात आखडता घेई.

शाळेनं तिला परत घेतलं नाही. पालकांची तक्रार आहे, म्हणाले. तिच्या मागे 'वेड्यांचं इस्पितळ' हे दोन शब्द लागले, ते गल्लीत कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. ती नळावर गेली की बायका जास्तच गोड बोलायच्या. पुढे ती बरी झाली. म्हणजे काय झाली, हे त्याला आजही सांगता आलं नसतं. तिनंच आपल्या आजाराला नावं ठेवली होती, घरगुती, पाळीव प्राण्याला ठेवावीत तशी. एकाचं नाव 'घाई' आणि दुसऱ्याचं 'जड'. "आज जरा जड आहे," असं ती म्हणे आणि तो समजून जाई. दुसऱ्या खेपेला तर सगळंच वेगळं झालं. सकाळी चहा पिता पिता तिनं कप खाली ठेवला, हाताकडे बघितलं आणि म्हणाली, "मला घाई लागायला लागलीय. आज सोडून ये मला." बॅग तिनंच भरली. कंगवा, चप्पल, दोन साड्या, वाचायचा चष्मा. बसमध्ये खिडकीशी बसली. इस्पितळाच्या दाराशी तोच रडायला लागला, तेव्हा तिनं त्याच्या पाठीवर हात फिरवला. पहारेकरी गोंधळून दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला, भरती कुणाला करायचंय ते त्याला कळेना.

इतकं सगळं माहीत असूनही तो राखण करतच राहिला. कप ओट्यावर किती जोरात ठेवला जातोय, जिना चढताना पायऱ्या गाळल्या जातायत का, अक्षर उजवीकडे जास्त कललंय का. चष्म्याचं दुकान हा त्याचा जोडधंदा होता, खरं काम हेच. त्यात आता ही निवडणूक. तिला उभं राहायची हौस नव्हती. पालिकेच्या दवाखान्यात मागच्या खोलीत आठवड्यातून एकदा मनाच्या आजारांची ओपीडी भरायची, गोळ्या तिथेच मिळायच्या. ती बंद करून त्या खोलीत वाहनकराची कचेरी आणली. आता गोळ्यांसाठी दोन बस बदलून मोठ्या इस्पितळात जायचं, तिथे दिवस घालवायचा. ज्यांना कामावरून सुट्टी मिळत नाही त्यांनी जाणं सोडलं. केशकर्तनालयातला एक कारागीर, हात हलका असलेला, सतत गुणगुणणारा, त्यानंही जाणं सोडलं. काही दिवसांनी तो कामावर येईनासा झाला, मग गावातच दिसेनासा झाला. ती नगरसेवकांकडे गेली, पुन्हा गेली, पुन्हा गेली. शेवटी कंटाळून ते हसत म्हणाले, "अहो बाई, वेड्यांना कुठे मत असतं?" ती म्हणाली, "असतं. दोन्ही अर्थांनी असतं." आणि तिथूनच अर्ज आणायला गेली.

दुपारी दुकान ओढून घेऊन तो डॉक्टरीणबाईंकडे गेला. पहिल्यापासून तिला बघणाऱ्या त्याच. आता निवृत्त होऊन घराच्या पुढच्या खोलीत बसत. पांढरे केस आखूड कापलेले, आवाज कोरडा. त्यानं सगळं सांगितलं आणि म्हणाला, ती ठीक आहे असं चार ओळींचं लिहून द्या, उद्या पुढे करता येईल.

"तिनं मागितलंय?"

"नाही. तिला माहीतच नाही मी आलोय ते."

"मग मी कशी देऊ? पेशंट ती आहे. तुम्ही पेशंटचे यजमान." त्यांनी पाण्याचा पेला त्याच्याकडे सरकवला. "आणि काय लिहू? डोकं ठिकाणावर आहे? असं मी आजवर कुणालाच लिहून दिलेलं नाही. एकदा द्यायला लागले तर उद्या सगळेच उमेदवार रांग लावतील, आणि त्यातल्या किती जणांना देता येईल कोण जाणे."

तो हसला नाही. डॉक्टरीणबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांची ही बघण्याची तऱ्हा त्याला ठाऊक होती, फक्त आजवर ती शेजारच्या खुर्चीकडे रोखलेली असे.

"तिला काय होईल असं वाटतं तुम्हाला?"

"पुन्हा होईल."

"होऊ शकतं. तिला ते तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. इतकी माणसं पाहिली मी, पण स्वतःच्या आजाराशी इतक्या सभ्यपणानं वागणारं माणूस क्वचित पाहिलं. भीती दाखवत नाही, लाडही करत नाही. वेळेवर गोळी घेते, काही वेगळं वाटलं की सांगते, बाकी वेळ कामाला लागते." मग जरा थांबून, "तुम्ही स्वतः झोपता का नीट?"

"मला काय होतंय," तो म्हणाला आणि उठला. रस्त्यानं येताना मात्र तो प्रश्न चपलेतल्या खड्यासारखा टोचत राहिला. झोपेत एक कान त्याचा उघडाच असायचा. ती कुशीवर वळली तरी तो जागा व्हायचा. याला झोप म्हणायचं की नाही, याचा त्यानं कधी विचार केला नव्हता. झोपेबद्दलचे प्रश्न हे तिच्याबद्दलचे प्रश्न होते.

घरी ती शिकवणीच्या पोरांना निरोप देत होती. वह्या आवरल्या, खडूची धूळ फडक्यानं पुसली, त्याच्यासमोर चहा ठेवला. कप नेहमीसारखा ठेवला गेला. आपण तेही ऐकलं, याची त्याला लाज वाटली.

"नगरसेवक आले होते दुकानात," तो म्हणाला.

"हरकतीचं ना? मला दुपारीच कळवून गेले पालिकेतून."

"त्यात एक वाक्य माझं आहे."

"माहीत आहे. 'झेपेल का' असं आपल्या खानदानात दुसरं कोण म्हणतं?" ती हसली. तिचं हसणं मध्येच कुठेतरी फुटून दोन तुकड्यांत येई, तसंच आलं. "तोंड कशाला पाडलंस? तुला काळजी वाटते हे काय खोटं आहे?"

"पण मी ते दादासमोर बोललो."

"बोललास. मग? मनात ठेवलं असतंस तर खरं राहिलं नसतं का?"

"उद्या मला विचारतील."

"विचारू देत. जे आहे ते सांग. माझ्यासाठी म्हणून काही रंगवू नकोस. मी गेली इतकी वर्षं डॉक्टरांना एकेक गोष्ट खरी सांगत आलेय, म्हणून उभी आहे. तू एका दिवसात त्यावर पाणी ओतू नकोस." एवढं बोलून ती भांडी विसळायला गेली. तो तिच्या पाठीकडे बघत राहिला. ही बाई त्याला कळत नाही असं नव्हतं. ती त्याला इतकी बारकाईनं माहीत होती, की संपूर्ण अशी दिसायचीच राहून गेली होती. डोळ्यांच्या फार जवळ धरलेलं अक्षर जसं नुसता काळा डाग होतं तसं काहीसं. संध्याकाळच्या उजेडात ओट्याशी उभी असलेली, खांदे किंचित झुकलेले, केसांत पांढरी बट, आणि काहीतरी गुणगुणत असलेली ही बाई उद्या एका खोलीत उभी राहून, आपण विकल नाही, असं अनोळखी लोकांना सांगणार होती. त्याला तसं कधी सांगावं लागलं असतं तर तो दारातूनच परत फिरला असता.

सुनावणी पालिकेच्या वाचनालयाच्या वरच्या दालनात होती. कपाटं भिंतीला सरकवून मध्ये टेबल मांडलं होतं. निवडणूक अधिकारी एक तरुण बाई होत्या, पाटबंधारे खात्यातून तात्पुरत्या आणलेल्या, सर्दीनं बेजार. दर थोड्या वेळानं रुमाल नाकाला लावून "माफ करा" म्हणत. समोर नगरसेवक, त्यांचा वकील, आणि मागच्या रांगेत दादा. दादानं त्याच्याकडे बघितलं नाही. ती निळी साडी नेसून आली होती, हातात काही नव्हतं. बाकीच्यांच्या हातात कागद होते, त्यामुळे ती एकटीच रिकामी आणि मोकळी दिसत होती.

वकिलानं कलम वाचलं. मग अदबीनं, गळा साफ करून, आपण दोनदा मनोरुग्णालयात दाखल होता हे खरं का, असं विचारलं.

"खरं आहे. पहिल्यांदा मला नेलं, दुसऱ्यांदा मी गेले."

"आजही औषधं चालू आहेत?"

"हो. आज सकाळचीही घेतली. चहाबरोबर घेते, नुसती घेतली तर मळमळतं."

मागे कुणीतरी खुसखुसलं. वकिलानं कागद उलटला. "म्हणजे औषधं बंद केली तर आपण पुन्हा आजारी पडू शकता."

"औषधं चालू असूनही पडू शकते. तशी शक्यता आहे. पडले तर रजा घेईन, बरी झाले की कामावर येईन. नगरसेवकांनी मागे गुडघ्याच्या ऑपरेशनला घेतली होती तशी. तेव्हा मी त्यांना भेटायला गेले होते, हरकत घेतली नव्हती."

आता हसू दबलं नाही. खुद्द नगरसेवकही हसले, सवयीनं, आणि मग आपण हसायला नको होतं हे लक्षात येऊन चष्मा सारखा करू लागले. वकिलाचे कान मात्र लाल झाले. तो म्हणाला, "गुडघा आणि मेंदू यांत फरक आहे. मॅडम, यांचे पती इथे हजर आहेत. त्यांनाच विचारावं. ज्या माणसानं आयुष्य यांच्याबरोबर काढलं, त्यालाच जर खात्री नसेल, तर मतदारांनी काय करायचं?"

अधिकारी बाईंनी रुमालाआडून त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हाला काही सांगायचंय? सक्ती नाही."

तो उभा राहिला. खिडकीतून उन्हाचा पट्टा टेबलावर आला होता आणि त्यात धूळ तरंगत होती. का कोण जाणे, त्याला ती खडूची वाटली. सगळे चेहरे त्याच्याकडे वळले होते, दादाचासुद्धा. तिनं मात्र मान वळवली नव्हती. ती समोर बघत होती. तिची पाठ ताठ होती, पण ताठरलेली नव्हती. त्याच्या मनात आलं, ही माझी वाट बघत नाहीये. मी काय बोलेन यावर हिचं काहीच टांगलेलं नाही. मी पडलो तरी ही उभी राहील. हे कळताच छातीवरचं कुठलंतरी जुनं वजन किंचित सरकलं, आणि त्या फटीतून त्याला शब्द सापडले.

"मला काळजी वाटते," तो म्हणाला. "हे वाक्य माझंच आहे, कुणी बनवलेलं नाही. मला रोज काळजी वाटते. ती आजारी होती तेव्हा जेवढी वाटायची तेवढीच ती बरी असतानाही वाटते. गेली कित्येक वर्षं ती बरी आहे, पण माझी काळजी काही कमी झाली नाही. तेव्हा मॅडम, माझी काळजी हा तिच्या आजाराचा पुरावा धरू नका. तो माझा स्वभाव आहे." तो थांबला. आणखी काही बोलायला हवं असं वाटलं. "दुकानात मी लोकांचे डोळे तपासतो. नंबर वाढला म्हटलं की लोक घरी जाऊन सगळ्यांना सांगतात, जरा ऐटीतच. मी तिच्या आजाराबद्दल आजवर कुणालाच काही सांगितलं नाही. मला वाटायचं मी तिला झाकतोय. आज ती बोलली तेव्हा कळलं, तिला झाकण्यासारखं काही वाटतच नव्हतं."

तो बसला. अधिकारी बाई शिंकल्या, माफ करा म्हणाल्या, आणि सरळ आवाजात निर्णय सांगितला. कलमातला शब्द आजारी माणसासाठी नाही, न्यायालयानं तसं जाहीर केलेल्या माणसासाठी आहे. तसं काही इथे नाही, म्हणून हरकत फेटाळली. मग कलमाचं पुस्तक मिटता मिटता, जणू स्वतःशीच, "शब्द बदलायला हवा खरं तर हा," असं म्हणाल्या, आणि पुढच्या अर्जाचं नाव पुकारलं.

जिन्यात दादानं त्याला गाठलं. दादा पायरीवर एका हातानं भिंत धरून उभा होता, बऱ्यापैकी म्हातारा दिसत होता. "तुला वाटेल फरशांसाठी केलं मी," तो म्हणाला. "थोडं त्यासाठीही केलं, नाही म्हणत नाही. पण मला ती गाडी आठवते रे. ती ज्या आवाजात ओरडत होती ना, तो आवाज मला पुन्हा ऐकायचा नाही."

"मलाही नाही," चष्मेवाला म्हणाला. मग खालून तिनंच हाक मारली, "दादा, चहा घ्यायला चला. वहिनींनाही बोलवा. आणि फरशांचं म्हणाल तर, मी निवडून आले तरी चांगल्या फरशा चांगल्याच राहतील." दादानं मान खाली घातली, पण तो आला.

दुसऱ्या दिवशीच्या स्थानिक वर्तमानपत्रात सुनावणीची बातमी आली, तिच्या गोळीसकट आणि नगरसेवकांच्या गुडघ्यासकट. त्या दिवसापासून दुकानात विचित्र गिऱ्हाइकी वाढली. ज्यांचे डोळे ठणठणीत आहेत अशी माणसं डोळे तपासायला येऊ लागली. तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत, यंत्रावर हनुवटी टेकवून, पापणी न हलवता ती बोलू लागत. एक बँकेतला रोखपाल म्हणाला, माझा मुलगा महिनोन्‌महिने खोलीबाहेर येत नाही, आम्ही लोकांना तो परदेशी आहे म्हणून सांगतो. एक ठसठशीत आजीबाई म्हणाल्या, मला रोज पहाटे मरावंसं वाटतं, उजाडलं की जातं, हे नेहमीचंच असेल ना हो? एक रखवालदार नुसता बसून राहिला आणि उठताना म्हणाला, "बाईंना सांगा, ठीक आहे." काय ठीक आहे ते त्यानं सांगितलं नाही. चष्मेवाला सुरुवातीला सवयीनं भिंगं बदलत राही, आता बरं दिसतं का, आता, असं विचारत राही. नंतर नंतर तो भिंगं बाजूला ठेवून नुसता ऐकू लागला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, या गावात अशी राखण करणारं घर आपलं एकट्याचंच आहे. आता रस्त्यानं चालताना बंद खिडक्या दिसल्या की त्याला आतल्या माणसांचे उघडे कान जाणवत. संध्याकाळी तो तिला एकेकाचं, नाव न घेता, सांगे. त्यातून जे तिला भेटायला येत त्यांना ती डॉक्टरीणबाईंच्या पुढच्या खोलीत धाडी, कुणाबरोबर स्वतः जाई, आणि उरलेल्या वेळात प्रचाराला घरोघर जाई. एकदा म्हणाली, "आज जड आहे." त्या दिवशी ती प्रचाराला गेली नाही, पडून राहिली. दुसऱ्या दिवशीही गेली नाही. तिसऱ्या दिवशी उठून चपला घातल्या. त्यानं काही विचारलं नाही. जीभ टाळूला लावून धरली.

ती पडली. फार मतांनी नाही, पण पडली. निकाल ऐकून घरी आल्यावर तिनं हात-पाय धुतले, जेवली, थोडी रडली आणि दुसऱ्या दिवशी शिकवणीच्या पोरांना कोनांच्या बेरजा घातल्या. नगरसेवक मात्र हादरले होते. जिंकूनही, इतकी मतं बाईंना पडली कुठून, याचा त्यांना उलगडा होईना. रोखपालासारखी माणसं त्यांनी कधी धरलीच नव्हती हिशेबात. पुढच्या बैठकीत त्यांनी स्वतःच ठराव मांडला आणि वाहनकराची कचेरी पुन्हा दुसरीकडे हलवली.

ओपीडी सुरू झाली त्या दिवशी दवाखान्याच्या अंगणात छोटा मंडप होता, खुर्च्या होत्या, माइक होता. नगरसेवक भाषण करत होते, मनाचं आरोग्य हा आमचा पहिल्यापासूनचा जिव्हाळ्याचा विषय. ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती, केसपेपर हातात घेऊन, आपल्या नंबराची वाट बघत. तो शेजारी. भाषण संपवून नगरसेवक मुद्दाम तिच्यापर्यंत आले.

"बाई, इथे काय बसलात? वर चला, चार शब्द बोला. तुमचंच श्रेय आहे, मी मानतो."

"आत्ता नको," ती म्हणाली. "माझा नंबर येईल इतक्यात."

ते क्षणभर घुटमळले. बाकावर आणखी माणसं होती, काही पदराआड तोंड घेऊन, काही भिंतीकडे वळून. तिचं बोलणं ऐकून ठसठशीत आजीबाईंनी पदर खाली घेतला आणि नगरसेवकांना विचारलं, "तुमचा कितवा?" नगरसेवक हसले आणि मंडपाकडे परत गेले.

परिचारिकेनं हाक मारली, ती आत गेली. चष्मेवाल्याच्या पलीकडे काठी घेऊन बसलेल्या म्हाताऱ्यानं त्याच्याकडे कलून विचारलं, "तुमचं कोण गेलं आत?"

"बायको."

"कसलं दुखणं?"

"मनाचं," तो म्हणाला. आवाज नेहमीचाच निघाला, त्याचं त्यालाच नवल वाटलं. "जुनं आहे. गोळ्या घ्यायला आलीय. निवडणुकीला उभी होती ती."

"ती का? मी तिलाच दिलं मत." म्हातारा बाकावरून नजर फिरवत म्हणाला, "इथल्या सगळ्यांनीच दिलं म्हणतात. मग पडली कशी?"

"रांगेत आपण अजून कमी आहोत," तो म्हणाला. दोघंही हसले.

बाकावर कुणीतरी वर्तमानपत्र ठेवून गेलं होतं. त्यानं ते उचललं. आतून तिचा आवाज येत होता, मधूनच हसण्याचा, मग दुसऱ्या कुणाचा तरी. थोड्या वेळानं आजीबाईंनाही आत बोलावलं, तेव्हा तिला बाहेर यायचं होतं तरी ती थांबली असावी, कारण त्या म्हणत होत्या, "तुम्ही बसा हो जवळ." तो पहिलं पान वाचून झाल्यावर दुसऱ्याकडे वळला, मग छोट्या जाहिराती, मग हवामान. एका सामन्याचं लांबलचक वर्णन होतं, शेवटच्या क्षणी फिरलेल्या. तो त्यात पुरता गुंगला. तिनं येऊन खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो दचकला. ती कधी बाहेर आली, पावलं कशी पडली, त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं.

"चल," ती म्हणाली.

"थांब जरा. एवढं संपवतो."

ती त्याच्या शेजारी बसली आणि त्याचं वाचून होईपर्यंत वाट बघत राहिली.